एका माणसापुरती वाट

रस्ता दुरुस्त झाला आणि बायको गेली. रस्ता दुरुस्त झाला याचं सगळ्यांना नवल वाटलं. बायको गेली याचं कुणालाच वाटलं नाही, कारण घरातून ती आधीच गेलेली होती, आता फक्त शहरातून गेली. तिची गाडी सुटली तेव्हा तो फलाटावर नव्हता. तळघरातल्या प्रयोगशाळेत एका नळीला पाना लावून बसला होता, आणि त्या नळीला पान्याची काहीही गरज नव्हती. तर झालं ते असं. आता यातलं काहीच झालेलं नाही असं धरून चालू. रस्ता अजून खोदलेला आहे. बायको अजून चौकातल्या चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर डोळे तपासायची ती जड चौकट बसवून काचा बदलते आहे. आणि तो, ज्याला सगळे थंडोबा म्हणतात, सकाळी कामाला निघाला आहे. हे नाव त्याला बायकोनेच ठेवलं होतं, लग्नाच्याही आधी, तो निरपेक्ष शून्याच्या जवळपासच्या थंडीवर काम करतो हे कळायच्याही आधी, नुसतं त्याचं संथ जेवण बघून. नंतर त्याचं काम कळल्यावर ती म्हणाली होती, "बघ, मला अंदाज असतो." पुढे ते नाव तिच्या वडिलांकडे गेलं, तिथून कसं कोण जाणे प्रयोगशाळेत गेलं, आणि आता कुठे सही करायची वेळ आली की खऱ्या नावापाशी त्याचा हात जरासा अडखळतो.

रस्ता जुन्या नळांसाठी खोदला होता. दोन्ही अंगांना पत्रे ठोकून मधून फळ्यांची एक वाट ठेवलेली होती, एका माणसापुरती, आणि तो माणूसही अंगाने बेताचा हवा. वाटेच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक शिट्टीवाला बसायचा. एक शिट्टी झाली की इकडची माणसं आत जायची, दोन झाल्या की इकडची थांबायची आणि तिकडची यायची. काम एवढंच, पण शिट्टीवाला ते विमानं उतरवल्यासारखं करायचा. त्या सकाळी खुर्ची होती, खुर्चीच्या पाठीला अडकवलेली शिट्टी होती, शिट्टीवाला चहाला गेला होता. शिट्टी वाजलीच नाही तर जायचं की थांबायचं, याबद्दल कुठे काही ठरलेलं नव्हतं. थंडोबा क्षणभर खुर्चीकडे बघत राहिला, मग खुर्चीची परवानगी आहे असं समजून आत शिरला. फळ्या पायाखाली वाजत होत्या. पत्र्यांना ओल्या मातीचा आणि तेलकट रंगाचा वास होता. मान खाली घालून चालणं भाग होतं, म्हणून बरोब्बर मध्यावर त्याला आधी दिसले ते बूट. राखाडी बूट, डाव्याची नाडी उजव्यापेक्षा वेगळ्या रंगाची. ती नाडी त्यानेच आणून दिली होती, एकदा घाईत, आणि तेव्हापासून ती बदलायची राहिली होती. बूट थांबले. त्याचेही थांबले. त्याच्या छातीत कुणीतरी कपाट सरकवल्यासारखं झालं.

"बाजूला हो," बायको म्हणाली.

"बाजू नाहीये," तो म्हणाला.

हे खरं होतं. तिने एकदा डावीकडच्या पत्र्याकडे पाहिलं, एकदा उजवीकडच्या, आणि एखाद्या गिऱ्हाइकाचा नंबर अपेक्षेहून वाईट निघावा तसा चेहरा केला. मागून कुणीतरी म्हणालं, "पुढे चला की." तो मागे वळला तर एक माणूस गुंडाळलेली गादी मिठीत धरून उभा होता, माणसाचा चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे बोलली ती गादीच.

"तुझ्यामागे कोण आहे?" तिने विचारलं.

"गादी."

"माझ्यामागे अख्खी शाळा आहे. सहलीला निघालीय. तू मागे जा."

गादीला समजावण्यात थोडा वेळ गेला. गादी म्हणाली, असं कुठे असतं का, आधी कोण शिरलं ते बघा. शाळेतून कुणीतरी म्हणालं की बाई, मला शू लागलीय. त्यावर गादी निमूटपणे मागे सरकू लागली आणि तिच्यामागून थंडोबा सरकू लागला, पण वळून नाही. तो उलटा चालत होता, तोंड बायकोकडे, पाठ गादीला टेकलेली, आणि ती पुढे येत होती, दोघांत हातभर अंतर. "वळून चाल, पडशील," ती म्हणाली. तो म्हणाला, "गादी आहे मागे." कित्येक महिन्यांत ते दोघं इतके जवळ आले नव्हते आणि इतकं बोलले नव्हते. तिच्या कानामागे केसांची ती बट तशीच होती, कधीच पिनेत न राहणारी. तिने सांगितलं की तिने बदली मागून घेतलीय, दुसऱ्या शहरात नवं दुकान उघडतंय, महिना संपला की जायचं. त्याने "बरं" म्हटलं. तिने सांगितलं की त्याच्या चष्म्यावर ओरखडे पडलेत, या चष्म्यातून त्याला ती तरी नीट दिसतेय का. तो म्हणाला, दिसतेय. "मी जायच्या आधी येऊन डोळे तपासून जा," ती म्हणाली. त्यालाही त्याने "बरं" म्हटलं. मग फळ्या संपल्या, रुंद जागा आली, गादी एका अंगाला, शाळा दुसऱ्या अंगाला, आणि ती चौकाच्या दिशेने निघून गेली. त्याला म्हणायचं होतं ते दोन शब्दांचं होतं: जाऊ नकोस. फळ्यांची वाट आणखी थोडी लांब असती तर त्याने ते म्हटलं असतं, असं त्याला वाटलं, आणि हे खोटं आहे हेही लगेच वाटलं.

गंमत अशी की तो पोटासाठी जे करत होता ते हेच होतं. हवा काढून घेतलेल्या काचेच्या पेटीत, सोन्याच्या तारांच्या एका चकतीच्या जरासं वर, चुंबकाने अधांतरी धरलेला अणूंचा एक ढग. लेझरने त्याला थंड करत न्यायचं, इतकं की त्याहून खाली जवळजवळ काही उरतच नाही. मग दोन्ही बाजूंनी आवळत त्याला इतकं बारीक करायचं की अणूंना पुढे जाता येतं, मागे येता येतं, बाजू नसते. मोकळ्या जागेत माणसं आणि अणू सारखेच वागतात: एकमेकांना धडकतात, कुठल्याही दिशेला उडतात, पुन्हा कुणाला तरी धडकतात, आणि थोड्या वेळाने कोण कुठून निघालं होतं याचा पत्ता कुणालाच उरत नाही. कपातला चहा असाच निवतो. चहाला विचारून उपयोग नसतो की बाबा, तू सकाळी किती गरम होतास. पण एका ओळीत दोन सारखे अणू समोरासमोर आले तर ते फक्त वेग बदलून घेतात. तू माझा घे, मी तुझा घेतो. बघणाऱ्याला कळतच नाही की ते एकमेकांना आपटून मागे फिरले की एकमेकांच्या आरपार निघून गेले. आणि म्हणून ती ओळ निवत नाही. कितीही धडका बसल्या तरी तिच्यात सुरुवातीचे वेग तसेच्या तसे शिल्लक असतात. लग्नानंतर पहिल्यांदा हे त्याने बायकोला स्वयंपाकघरात दोन लिंबं घेऊन समजावलं होतं, ओट्यावरून ती एकमेकांवर सोडत. तिने लक्ष देऊन बघितलं, एक लिंबू उचलून चिरलं आणि म्हणाली, "आता सांग." तो हसला होता. आता वाटतं की तो प्रश्न गंभीर होता, कारण पुढे प्रयोगशाळेत त्यांनी नेमकं तेच केलं. ती बारीक ओळ लांबीतून मधोमध चिरायची. शेजारी शेजारी दोन ओळी, आता एकमेकींना न शिवणाऱ्या, आणि मग बघत बसायचं, की आपण कधीकाळी एक होतो हे त्या किती वेळ लक्षात ठेवतात.

बघायचं म्हणजे काय, तर दोघींना सोडून द्यायचं. त्या खाली पडतात, पसरतात, एकमेकींत मिसळतात, आणि आठवण असेल तर त्यांच्या सावलीत सरळ पट्टे उठतात, विसरल्या असतील तर पट्टे विस्कटलेले. ही सावली टिपायला ढगावर उजेड टाकावा लागतो आणि उजेड पडला की ढग तिथल्या तिथे संपतो. पुढच्या क्षणी काय होतं हे बघायला नवा ढग, पहिल्यापासून. एकाच जोडीची गोष्ट वाटावी असं जे चित्र शेवटी भिंतीवर लागतं, त्यात प्रत्येक क्षण वेगळ्याच ढगाचा असतो, आणि तो बघितल्यामुळे संपलेला असतो. थंडोबाला याची इतकी सवय झाली होती की घरीही तो उजेड टाकण्याच्या बाबतीत सावध झाला होता. ती गप्प बसली की तो विचारायचा नाही. विचारलं तर जे काय आहे ते संपेल आणि त्याची नुसती सावली हातात येईल, असं त्याला वाटायचं. ती म्हणायची, "विचार ना." तो म्हणायचा, "काय?" ती म्हणायची, "काही नाही." मग दोघं जेवायचे. या सगळ्यात भांडण कुठेच नव्हतं. भांडण करायला दोघांना एकाच खोलीत एकाच वेळी राग यावा लागतो, आणि त्यांचं वेळापत्रक जुळत नव्हतं.

मग तो रविवार. तो आठवला की त्याला अजून सुतळीचा वास येतो. आदल्या संध्याकाळी ती म्हणाली होती की मला वाटतं मी थोडे दिवस वेगळं राहून बघावं, आणि त्याने त्यावर रात्रभर विचार केला होता, प्रामाणिकपणे, त्याला येत होता तसा. प्रयोगशाळेत तोवर एक गोष्ट पक्की कळली होती. ओळ अगदी सावकाश चिरली, तर चिरून पूर्ण होईपर्यंतच दोघींची तोंडं दोन दिशांना झालेली असतात, पट्टे कधी इथे उठतात कधी तिथे, काही अर्थ लागत नाही. झटक्यात चिरली तर मात्र दोघी एकच आठवण घेऊन निघतात. म्हणून त्याने ठरवलं की रेंगाळायचं नाही. रडारड, आज नको उद्या, हे कपाट कुणाचं, यात महिने घालवले तर शेवटी दोघांकडे काहीच उरणार नाही. सकाळी उठून तो खोकी घेऊन आला. काचेचं सामान वर्तमानपत्रात गुंडाळलं, प्रत्येक खोक्यावर चारही बाजूंनी 'नाजूक' लिहिलं, सुतळीला अशा गाठी मारल्या की प्रयोगशाळेत दाखवाव्यात. दुपारच्या आत तिचं घर तिच्या घरातून निघालं. जाताना तिने विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं," आणि त्या शब्दात त्याला थोडासा अभिमानही होता. एवढ्या प्रेमाने कुणी कुणाला घालवलं नसेल. ही चूक करायला माणसाला बरीच वर्षं शिकावं लागतं.

प्रयोगशाळेत त्या दिवसांत सगळ्यांचं लक्ष रस्त्याकडे लागलं होतं. खोदकामाचं यंत्र सुरू झालं की तळघर थरथरायचं, आणि तळघर थरथरलं की लेझर आपला रंग सोडायचा. लेझरला एकाच नेमक्या रंगावर धरून ठेवणं याला तिथे कुलूप लावणं म्हणायचे, आणि ते काम ज्याच्याकडे होतं त्या सहकाऱ्याला कुलूपच म्हणायचे. कुलूप दारं आपटू द्यायचा नाही, शिंकू द्यायचा नाही. एकदा त्याने विभागप्रमुख मोठ्या बाईंना उचकी थांबेपर्यंत जिन्यात उभं केलं होतं, आणि बाई उभ्या राहिल्या होत्या. आता यंत्रापुढे त्याचं काही चालत नव्हतं. खोदणारे जेवायला बसले की यांचे ढग बसायचे. खोदणारे हात धुऊन उठले की यांचा दिवस संपायचा. "एकदाचा होऊन जाऊ दे तो रस्ता," कुलूप रोज म्हणायचा, "मी स्वतः जाऊन त्यावर लोळेन." मोठ्या बाई म्हणायच्या, रस्ता झाला की खरा निकाल दिसेल. थंडोबा मान हलवायचा. अख्ख्या तळघरात तो एकटाच असा होता ज्याला रस्ता व्हायला नको होता. त्या भेटीपासून तो रोज सकाळी फळ्यांच्या वाटेपाशी जाऊन खुर्चीकडे बघायचा, आणि खुर्चीवर रोज शिट्टीवाला बसलेला असायचा, पाठ ताठ, गाल फुगवून तयार. एकदा थंडोबाने त्याला सहज विचारलं, "चहा नाही का आज?" शिट्टीवाला म्हणाला, "बंद केला. ॲसिडिटी." मग एक शिट्टी झाली आणि थंडोबा आत गेला, समोरून कुणीच आलं नाही, वाट निर्वेध होती, आणि तिच्यातून चालताना त्याला पोकळ वाटलं, जसं जिन्यात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकल्यावर वाटतं.

खरा निकाल म्हणजे परतणं. चिरल्यावर पट्टे विस्कटत जातात, आठवण गेली असं वाटतं. पण ती गेलेली नसते, ओळीतल्या लाटांमध्ये विखुरलेली असते. ओळीची दोन्ही टोकं नीट उभ्या भिंतीसारखी ठेवली तर त्या लाटा टोकांवर आपटून परत फिरतात, आणि एका ठरावीक क्षणी सगळ्या पुन्हा एकत्र येतात. पट्टे परत उठतात, सरळ, जणू मधे काही झालंच नव्हतं. पहिल्यांदा ते पडद्यावर ओझरतं दिसलं, खोदणारे जेवायला बसलेले असताना, तेव्हा कुलूप उठून दार आतून लावून आला, कुणी शिंकू नये म्हणून. थंडोबाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने चष्मा पुसला. ओरखडे तिथेच होते. त्याच दुपारी सासऱ्यांचा फोन आला. सासरे हा प्राणी थंडोबाला कधीच नीट कळला नव्हता. मुलगी वेगळी राहायला लागल्यावरही ते आठवड्यातून एकदा फोन करायचे, आणि लोक पावसापाण्याची चौकशी करतात तशी ढगाची करायचे.

"काय जावईबापू, आज किती?"

"नेहमीइतकंच. शून्याच्या किंचित वर."

"वर आहे ना? मग हरकत नाही. आणि स्वेटर घालता की नाही?"

"थंडी फक्त पेटीत असते, बाबा. बाहेर आम्हाला पंखा लागतो."

"तेच तर म्हणतो मी पोरीला. तो माणूस थंड नाहीये, त्याची पेटी थंड आहे." मग आवाज खाली आला. "मी मधे पडत नाही. माझं तत्त्वच आहे ते. पण तिने दुकानातल्या शेवटच्या दिवसाची शेवटची वेळ एका गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलीय म्हणे, आणि गिऱ्हाइकाचं नाव काही सांगत नाही. मी मधे पडत नाही."

"हो, बाबा."

"बघा बुवा," सासरे म्हणाले, आणि फोन ठेवला.

तो गेला. तेव्हा रस्त्याचं काम संपत आलं होतं, पत्रे निम्मे निघाले होते. दुकानाच्या मागची डोळे तपासायची खोली कपाटाएवढी होती, काळा पडदा, एक उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर उजळलेली अक्षरं. बायकोने पडदा ओढला. तिच्या बोटांना काच पुसायच्या पाण्याचा वास होता, थोडासा दवाखान्यासारखा, थोडासा कोऱ्या वहीसारखा, आणि तो वास पूर्वी रोज संध्याकाळी घरात यायचा तेव्हा त्याला तो वास आहे हे माहीतच नव्हतं. तिने त्याचा चष्मा काढून बाजूला ठेवला. सगळं विरघळलं, अक्षरं, पडदा, तीसुद्धा; फक्त हनुवटीखाली तिचा हात तेवढा नेमका होता, चेहरा सरळ करणारा. तिने जड चौकट त्याच्या नाकावर बसवली आणि एक काच आत सरकवली.

"हे बरं, की आधीचं?"

"आधीचं."

काच बदलली. "आता? हे, की आधीचं?"

"आधीचं."

असं बराच वेळ चाललं. काचा खणात पडण्याचा बारीक आवाज येत राहिला. तिचा श्वास त्याच्या कपाळाला लागत होता, आणि तो एवढंच धरून होता की ही तपासणी संपू नये. शेवटी तिने हात खाली घेतले.

"दर वेळी आधीचं म्हणतोयस. मागे जात जात मी चौकट रिकामी केलीय. आता काचच नाहीये त्यात."

"मग हेच बरंय."

"सगळ्यात वरचं अक्षर वाच."

"कुठे आहे?"

ती हसली. आवाज न करता, पण हसली. चौकटीवर ठेवलेली तिची बोटं हलली त्यावरून त्याला ते कळलं. मग ती समोरच्या स्टुलावर बसली. विरघळलेली बायको, हातभर अंतरावर. "सुतळी छान बांधली होतीस त्या दिवशी," ती म्हणाली. "एक खोकं मी अजून सोडलं नाहीये. गाठच सुटत नाही."

"कापायची."

"हं." ती म्हणाली, "मी त्या खोक्यावर बसले होते, तुला आठवतं? सगळं भरून झालं होतं आणि मी मुद्दाम जाऊन त्याच्यावर बसले. म्हटलं, आता हा काहीतरी बोलेल. तू सुतळी घेऊन आलास आणि म्हणालास, 'जरा उठतेस का, बांधायचंय.'"

त्याला आठवत होतं. तिचा निळा सदरा, खोक्याचा दबलेला कोपरा, आपल्या हातातलं सुतळीचं टोक. तेव्हा त्याला वाटलं होतं ती दमलीय. त्याने तिला मग ते सगळं सांगितलं, पहिल्यांदाच, रिकामी चौकट नाकावर घेऊन: सावकाश चिरलं तर काय होतं, झटक्यात चिरलं तर काय होतं, त्याने रात्रभर काय विचार केला होता. सांगताना त्याला ऐकू येत होतं की हे वेड्यासारखं आहे, पण खोटं नव्हतं, म्हणून तो शेवटपर्यंत गेला. परतणाऱ्या पट्ट्यांबद्दलही सांगितलं. ती ऐकत राहिली. बाहेर कुणीतरी दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

"म्हणजे तू वाट बघत होतास," ती म्हणाली. "टोकाला आपटून मी आपोआप परत येईन म्हणून."

"आपोआप असं नाही."

"मग कसं?"

त्याने नाकावरची रिकामी चौकट जराशी वर सरकवली.

"तुझं ते परतणं, किती वेळाने होतं?"

"पापणी लवायच्याही आत."

"आणि पुन्हा?"

"पुन्हा तेवढ्याच वेळाने. पण दर वेळी आधीपेक्षा फिकं."

डोळ्यांचं काम करणाऱ्या बाईला पापण्यांबद्दल काय सांगायचं. ती म्हणाली, "थंडोबा, आपण किती पापण्या लववल्या असतील रे," आणि तो आवाज इतका जवळचा होता, इतका घरातला, की ते दोन शब्द त्याच्या जिभेवर येऊन उभे राहिले, एकामागे एक, पुढे जायला जागा शोधत. आणि तिथेच त्याने ते धरून ठेवले. म्हटले की उजेड पडणार. म्हटले की ती हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, आणि हा अंधार, ही रिकामी चौकट, हातभर अंतरावरची ही विरघळलेली बायको, जी अजून गेलेली नाही आणि थांबलेलीही नाही, हे सगळं तिथल्या तिथे संपेल. त्याला ते आणखी थोडं हवं होतं. जरासंच. ती वाट बघत होती हे त्याला कळत होतं. या वेळी दमलीय असं त्याला वाटलं नाही. तरी तो गप्प बसला. ती उठली, काचा भराभर बदलून त्याचा नंबर काढला, या वेळी त्याला काही न विचारता, त्याच्या डोळ्यांत छोटा दिवा धरून, आणि म्हणाली, "चष्मा आठवड्याने मिळेल. मी नसेन, दुसरी मुलगी देईल." मग पडदा उघडला आणि सगळीकडे उजेड झाला.

खोदकामाचं यंत्र गेलं आणि तळघर इतकं शांत झालं की कुलूपला करमेना. तो स्वतःच मधून मधून खोकून बघायचा. आता पाहिजे तेवढे ढग बसत होते. निकाल स्वच्छ आला. पट्टे एकदा परतले, ठळक. दुसऱ्यांदा परतले, फिके. तिसऱ्यांदा, माहीत असेल तरच दिसतील असे. त्यानंतर नुसतं करडं. मोठ्या बाईंनी तो करडा पडदा बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाल्या, "उत्तम." कुलूपने विचारलं, "चौथ्यासाठी आणखी थांबून बघायचं का?" बाई म्हणाल्या, "थांबून काही येत नसतं, आपण काहीतरी बदलावं लागतं." थंडोबाने नळीला पाना लावला. थोड्या वेळाने फोन वाजला. "गाडी सुटली, जावईबापू," सासरे म्हणाले. मग म्हणाले, "आज किती?" आणि त्याला पहिल्यांदाच तो आकडा आठवेना.

नवा चष्मा दुसऱ्या मुलीने दिला. बाहेर आल्यावर थंडोबाला सगळं धार लावल्यासारखं स्पष्ट दिसलं. रस्ता गुळगुळीत, काळाभोर, दोन्ही बाजूंना ऐसपैस पदपथ. पत्रे नव्हते, फळ्या नव्हत्या, खुर्ची नव्हती. माणसं येत होती, जात होती, एकमेकांना हात हात अंतर राखून वळसे घालत होती, आणि कुणालाही कुणासाठी थांबावं लागत नव्हतं. जिथे वाटेचा मध्य होता तिथे तो उभा राहिला. लोक दोन्ही बाजूंनी त्याला वळसा घालून गेले. तिथे उभ्या उभ्या, ओठ न हलवता, तो मजकूर त्याच्या मनात आपोआप जुळत गेला, ज्या भाषेत माणसाला रडू येत नाही त्या भाषेत:

मा. प्रमुख, रस्ते विभाग, यांस. विषय: रस्ता पुन्हा खोदून मिळणेबाबत. महोदय, सदर रस्ता नुकताच पूर्ण झाला असून तो सर्व दृष्टींनी समाधानकारक आहे, याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तथापि तो त्याच जागी पुन्हा खोदण्यात यावा. दोन्ही अंगांस पूर्वीप्रमाणे पत्रे ठोकून मधील वाट एका माणसापुरती ठेवावी व तीस कोठेही बाजू असू नये. शिट्टीवाल्याच्या प्रकृतीस आराम पडला असल्यास त्यास चहाकरिता पाठवावे व लवकर परत बोलावू नये. समोरून येणाऱ्या व्यक्तीच्या मागे मागील खेपेप्रमाणेच शाळा ठेवण्यात यावी, जेणेकरून सदर व्यक्तीस मागे जाता येणार नाही. अर्जदाराच्या मागील गादी मात्र या खेपेस कोणत्याही सबबीवर मागे घेऊ देऊ नये. अर्जदार स्वतः नवीन चष्म्यासह उपस्थित राहील व प्रथम बोलेल. कामास कितीही कालावधी लागला तरी हरकत नाही. तरी वरीलप्रमाणे मंजुरी मिळावी, ही विनंती.